बोटांपेक्षा तार जड

एरवी या सदरात तंबोरा, सतार आणि पेटी यांच्या पलीकडे आपण फारसे जात नाही. पण दिवाळीच्या ताटात चकलीशेजारी केकचा तुकडा दिसला म्हणून कुणी पाटावरून उठून जात नाही. तेव्हा यंदा गिटारविषयी चार शब्द लिहिले तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. निमित्त आहे गिरगावातील एका भगिनींच्या पत्राचे.

त्यांचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले आणि तरुणपणी राहून गेलेली हौस म्हणून त्यांनी गिटार घेतली. वेस मॉन्टगोमरी या अमेरिकन वादकाची ध्वनिमुद्रणे ऐकता ऐकता तसाच गोल सूर आपल्याही वाद्यातून निघावा, असे त्यांच्या मनाने घेतले. कुणीतरी सांगितले, ‘जॅझ वाजवायचा तर तारा जाडच हव्यात.’ झाले! बाजारात मिळाला तो सर्वांत जाड संच त्यांनी चढवला. दोन महिन्यांत बोटांची पेरे सोलली, सांधे दुखू लागले, आणि गिटार कपाटावर गेली. बाई लिहितात, ‘हे वाद्य विकायला काढणार म्हणतात. मला ते विकू द्यायचे नाही. संध्याकाळी वाजवून झाले की हे तासभर माझ्याशी बोलत असत. आता नुसते खिडकीत बसतात.’ हे वाचल्यावर मी या महिन्याचा ठरलेला विषय बाजूला ठेवला.

आधी ‘गोल सूर’ म्हणजे काय ते पाहू. इंग्रज त्याला ‘वॉर्म टोन’ म्हणतो. आपले गवई अशा आवाजाला भरदार, घुमारदार म्हणतील. कुठलीही तार छेडली की तिच्या मूळ सुराबरोबर वरचे अनेक उपस्वर निघतात. ते जोरात असले की आवाज चकचकीत, टोकदार वाटतो; ते दबले की गोल वाटतो. आपल्या तंबोऱ्यात आपण नेमके उलट करतो. घोडीवर जवारी काढतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि जितके उपस्वर जागे होतील तितके हवेच असतात. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू आला की गवई खूष! हे आपल्याला परवडते, कारण आपला षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. सगळे उपस्वर त्या एका घरचेच. जॅझमध्ये मात्र दर दोन-चार मात्रांना स्वरमेळ बदलतो, आणि तोही साधा तीन सुरांचा नव्हे. सातवा, नववा, तेरावा असे लांबचे पाहुणे त्यात बसलेले. प्रत्येक तारेने आपापले उपस्वर मोकळे सोडले तर बाजारातला कलकलाट व्हायचा. म्हणून तेथील वादक सुराला थोडी पांघरुणाची घडी घालतो. जवारीवर वाढलेल्या कानाला हा आवाज पहिल्यांदा मंद वाटतो, हे खरे. पण दोन-चार दिवस ऐकावा. मग त्याची गोडी लागते.

दुसरेही एक कारण आहे. गिब्सन कंपनीची ‘ई.एस. १५०’ ही विजेवर चालणारी गिटार १९३६ साली बाजारात आली, आणि १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण ती घेऊन बेनी गुडमन यांच्या मेळ्यात दाखल झाला. तोवर गिटारचे काम मागे बसून ताल धरण्याचे. ख्रिश्चनने तिच्यावर सॅक्सोफोनसारख्या लांब, श्वास घेतल्यासारख्या तानफेका सुरू केल्या. १९४२ साली वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने तो गेला, पण गिटारने फुंकवाद्यासारखे गावे ही कल्पना मागे ठेवून गेला. फुंकवाद्याला तारेची ‘टण्ण’ नसते. तेव्हा ती टण्ण जितकी कमी तितके बरे, अशी दृष्टी रुजली.

त्याचीच ध्वनिमुद्रणे पाठ करून मॉन्टगोमरी तयार झाले. इंडियानापोलिस गावी दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री वादन, असा हा संसारी माणूस. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी नखी टाकून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवायला सुरुवात केली, असे सांगतात. १९६० सालच्या त्यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत जो लोण्यासारखा सूर ऐकू येतो, त्याच्या श्रेयातला मोठा वाटा त्या अंगठ्याचा आहे. तारा त्यांच्याही जाड होत्या, हे मान्य. पण जाड तार घेऊन तीच नखीने घोडीजवळ वाजवली, तर मॉन्टगोमरी मुळीच ऐकू येणार नाहीत.

आता तारांकडे वळू. गिटारच्या सहा तारांपैकी वरच्या सुराच्या दोन साध्या पोलादी असतात. खालच्या चारांवर (तिसरीचा अपवाद पुढे सांगतो) दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. हे वेष्टण गोल तारेचे असले तर तिला राउंडवाउंड म्हणतात. बोट फिरवले तर कानशीवर फिरवल्यासारखी खरखर लागते, हात सरकताना ‘सर्र’ असा आवाज येतो, आणि सूर चकचकीत. वेष्टण चपट्या पट्टीचे असले तर ती फ्लॅटवाउंड. हिचा पृष्ठभाग गुळगुळीत, उपस्वर दबलेले, आणि सरकण्याचा आवाज जवळजवळ नाहीच. गोल सुरासाठी पहिली निवड हीच. मधला एक प्रकार हाफराउंड. यात गोल वेष्टण वरून घासून सपाट करतात. आवाजही मधलाच. माझ्या मते ही तडजोड आहे. पण ज्याला एकाच गिटारवर सिनेमाची गाणीही वाजवायची आहेत, त्याला ती सोयीची पडते.

येथे एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. फ्लॅटवाउंड संच घेतला तरी पहिल्या दोन तारा साध्याच राहतात. म्हणजे खाली मखमल आणि वर पत्रा, असा प्रकार होऊ शकतो. वरच्या दोन तारांना भरदारपणा यायचा तो जाडीनेच येतो, आणि जाड तारांची महती सुरू झाली तिचे एक कारण हे. दुसरे कारण जुने आहे. विजेची सोय नव्हती तेव्हा पंधरा-वीस जणांच्या वाद्यवृंदात गिटार ऐकूच येत नसे. म्हणून जाड तारा, उंच घोडी आणि ताकदीचा हात. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ साली मृत्यू येईपर्यंत फ्रेडी ग्रीन यांनी विजेशिवायच गिटार वाजवली. त्यांना ती जाडी आवाज पोचवण्यासाठी हवी होती. आपल्या दिवाणखान्यात ट्रम्पेट वाजत नाहीत. तेथे ती गरज कोणाला?

जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि संचाला पहिल्या तारेच्या जाडीवरून नाव पडते. ‘बाराचा संच’ म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच, सुमारे तीन दशांश मिलिमीटर. आकडा दोनाने वाढला तर काय बिघडले, असे वाटते. पण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर दहाची पहिली तार सुरात आणली की तिच्यावर सव्वासात किलोंहून थोडा अधिक ताण येतो. बाराच्या तारेवर तोच साडेदहा किलोंच्या वर, आणि तेराच्या तारेवर सव्वाबारा किलोंच्या वर. असे सहा तारांवर, आणि दर वेळी बोटाने दाबायचे! साठी उलटलेल्या हाताला हे झेपत नसेल तर त्यात कमीपणा कसला?

तेव्हा बाईंनी यजमानांना सांगावे : तेराचा संच उतरवा आणि अकराचा फ्लॅटवाउंड चढवा. आजच्या नामांकित वादकांपैकी पॅट मेथेनी यांचा मऊ, धुक्यातून आल्यासारखा सूर अकराच्याच फ्लॅटवाउंड तारांवरचा आहे. घेताना तिसरी तार वेष्टणाची आहे ना, हे मात्र पाकिटावर पाहून घ्यावे. हलक्या संचांत ती पुष्कळदा साधी असते आणि मग चौघीत एकटीच किंचाळते. एवढ्यानेही बोट दुखले तर सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावाव्यात. ताण दहा टक्क्यांहून अधिक उतरतो, आणि घरात एकट्याने वाजवणाऱ्याचे काही अडत नाही. सांधे तरीही धरत असतील तर मात्र तारांचे दुकान सोडून डॉक्टरांची पायरी चढावी.

कंपन्यांचे म्हणाल तर फार डोके शिणवू नये. व्हिएन्नाची थॉमास्टिक-इन्फेल्ड ही १९१९ सालची. तिच्या फ्लॅटवाउंड तारांवर निकेलचे वेष्टण असते, हाताला त्या मऊ लागतात, पण खिसा बराच हलका करतात. अमेरिकेतील डॅडारियो आणि ला बेला या दोन्ही घराण्यांचे मूळ इटलीतील साल्ले नावाच्या एकाच डोंगरी गावात. पूर्वी तेथे आतड्याची तात वळत असत, आपल्या सारंगीला लागते तशी. डॅडारियोच्या ‘क्रोम्स’ तारा आपल्याकडे त्या मानाने सहज मिळतात. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांत चौकशी करावी. या शहराला जॅझ काही नवा नाही. गोव्याच्या वादकांनी तो हॉटेलांतून आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांतून कित्येक वर्षे वाजवला. कांस्याच्या तारा मात्र विजेच्या गिटारला घेऊ नयेत. पिकअप हा लोहचुंबकाचा खेळ आहे. लोखंड आणि निकेल त्याला कळते, कांसे कळत नाही.

नव्या तारा चढवताना सहाही एकदम सोडू नयेत. पोटाला फुगीर असलेल्या जॅझ गिटारची घोडी बहुधा नुसत्या दाबाने उभी असते, ती जागची सरकते. एक काढावी, एक लावावी. जाडी बदलली की दांडीचा बाक आणि घोडीची उंची जाणत्याकडून एकदा तपासून घ्यावी. आणि ज्या घरात नायलॉनच्या तारांची गिटार आहे, त्यांनी हौसेने तिच्यावर पोलादी तारा लावू नयेत; घोडी उखडून हातात येईल.

बाकीचे काम फुकटचे आहे. दांडीजवळचा पिकअप निवडावा, टोनची कळ अर्ध्यापर्यंत उतरवावी, हात घोडीपासून दूर, दांडीच्या टोकाशी आणावा, नखी जाड आणि बोथट घ्यावी किंवा अंगठाच वापरावा. नवीन तारा घेण्यापूर्वी हे चार प्रयोग करून पाहिले तर कित्येकांचे पैसे वाचतील.

फ्लॅटवाउंड तारा महाग खऱ्या, पण त्या वर्षानुवर्षे टिकतात. थोड्या जुन्या झाल्या की उलट अधिक गोड लागतात, आणि पुष्कळ वादक त्या तुटेपर्यंत काढत नाहीत. आपल्या दमट हवेत गंजतात त्या पहिल्या दोन साध्या तारा. त्या सुट्या मिळतात आणि स्वस्त असतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि पावसाळा संपला की तेवढ्या दोनच बदलाव्यात.