किल्ली मतदाराच्या हाती हवी

सेक्टर ६, भिलाई : प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मतदाराचा, मग त्याला परत बोलावण्याचा अधिकार कोणाचा? छत्तीसगडने या प्रश्नाचे उत्तर थेट मतपेटीतून दिले आहे. जून २००८ मध्ये तत्कालीन दुर्ग जिल्ह्यातील गुंडरदेहीसह नवागढ व राजपूर येथील नगराध्यक्षांना मतदारांनी गुप्त मतदानाने पायउतार केले. मात्र त्या प्रक्रियेची किल्ली मतदारांकडे नव्हती. तीन चतुर्थांश पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, प्रस्ताव दिल्याखेरीज मतदान होत नसे. शेवटचा शब्द जनतेचा, पण पहिला शब्द पुढाऱ्यांचा!

महाराष्ट्रात याच्या उलट अनुभव आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या नियमानुसार एकूण किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केली की मतदान घ्यावे लागते. येथे पहिला शब्द नागरिकांचा. परंतु ‘आडवी बाटली’ जिंकण्यासाठी झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतील मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. त्यामुळे रोजगारासाठी परगावी गेलेल्याचे न पडलेले मतही बाटली उभी ठेवण्यास हातभार लावते. अधिकार देणारा हातच अट घालून तो आखडता घेतो, तो असा.

अटी बदलण्याचा अधिकार सत्ताधाऱ्यांकडे असला की काय होते, हे भिलाईकर जाणतात. २०१९ मध्ये रायपूरच्या सरकारने महापौरांची थेट निवडणूक रद्द केली. २०२१ च्या निवडणुकीनंतर भिलाईचा महापौर पार्षदांनी निवडला. पुढे नव्या सरकारने थेट निवडणूक परत आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या दुर्गने आपला महापौर स्वतः निवडला. सेक्टर ६ सारख्या वसाहतीत घर आणि पाणी यांची व्यवस्था मुख्यतः पोलाद कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडे असते; तो विभाग मताने बदलता येत नाही. अशा ठिकाणी महापालिकेचे मत हाच नागरिकाचा मोजका आधार. तोही सरकारागणिक बदलावा, हे शोभणारे नाही. महाराष्ट्रातील सरपंच व नगराध्यक्षांच्या थेट निवडीची कथाही निराळी नाही.

राज्यघटनेच्या मूलभूत तत्त्वांना हात घालताना सार्वमत घ्यावे, ही तरतूद १९७८ मध्ये लोकसभेने संमत केली होती. राज्यसभेत ती टिकली नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०२३ मध्ये नागरिकांच्या घटनादुरुस्तीसाठी साध्या बहुमताऐवजी ६० टक्क्यांची अट घालण्याचा घाट घातला गेला. पण हा बदल मतदारांसमोरच ठेवावा लागला आणि त्यांनी तो फेटाळला. आपल्याकडे असे बदल मतदाराला बहुधा राजपत्रातून कळतात.

परत बोलावण्याचा अधिकार सैल सोडला तर पराभूत गट रोज नवा अर्ज घेऊन उभा राहील आणि कारभार ठप्प होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उपाय आहेत. निवडीनंतर ठरावीक काळ संरक्षण, सह्यांची काटेकोर पडताळणी, मुदतीत एकच संधी आणि किमान मतदानाची अट पुरेशी ठरेल. पण मागणीचा हक्क नागरिकांकडेच हवा, आणि नियमांतील बदल चालू मुदतीला लागू होऊ नये. डाव सुरू असताना पट बदलण्याची मुभा खेळाडूंना देणे, ही लोकशाही नव्हे.