रश्शात थोडे पाणी वाढवा

अकोला-मंगरूळपीर आणि कारंजा-मालेगाव हे रस्ते शेलूबाजारात एकमेकांना मिळतात. मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर जाणारे, ट्रकवाले, बाजाराला आलेले शेतकरी, सगळेच इथे घटकाभर थांबतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून त्या रस्त्यावर चढण्या-उतरण्याची वाटही शेलूबाजारजवळ आहे. अशा नाक्यावरच्या गावात खानावळी असणारच. त्यांतल्या एखादीच्या फळ्यावर खडूने ‘मच्छी रस्सा’ लिहिलेले दिसले की भूक नसलेल्या माणसालाही भूक लागते.

आपला वऱ्हाड समुद्रापासून फार दूर. पापलेट, सुरमई इथे बर्फात बसून येतात. आपला मासा धरणातला आणि तलावातला: रोहू, कटला, मृगळ, नशीब चांगले असेल तर मरळ. कोकणातल्या आपल्या बहिणी ओले खोबरे आणि कोकम घालून सालन करतात. इकडे सुके खोबरे आणि कांदा चांगला काळसर भाजून, लसूण-आले-कोथिंबिरीबरोबर वाटून, लाल तिखट आणि चिंचेच्या कोळात रस्सा उकळतो. वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येते, तरी हात थांबत नाही.

धरणाच्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो म्हणून अनेक घरांत तो आणत नाहीत. हा वास चिखलाचा नसतो. पाण्यातले काही जिवाणू आणि शेवाळ जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरते. आंबटाने त्याचा जोर कमी होतो. खानावळीतला आचारी तुकड्यांना हळद, मीठ आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवतो आणि रश्शात चिंच सढळ हाताने घालतो, त्यामागचे गुपित एवढेच. घरीही हे सहज जमते.

मासा हे अल्लाहने आपल्यासाठी फार सोपे केलेले अन्न आहे. सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत पाण्यातली शिकार आणि तिचे अन्न हलाल ठरवले आहे. माशाला जबह करावे लागत नाही. त्यामुळे तो भोई बांधवाने धरला असो की आणखी कुणी, प्रश्न उरत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. आपल्या भागातली बहुतेक घरे हनफी आहेत, आणि हनफी मसलकात आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगत आलेला मासा खात नाहीत. झिंग्यांबाबत हनफी उलमांमध्येच दोन मते आहेत, तर कोकणातल्या शाफई घरांत ते बिनदिक्कत खाल्ले जातात. सोयरीक झाल्यावर यावरून दस्तरखानावर वाद घालू नये. ज्याचा जो मसलक, त्याने तसे खावे. अनोळखी हॉटेलात मात्र मासा कोणत्या तेलात तळला आणि त्याच कढईत आणखी काय तळले जाते, हे विचारायला लाजू नये.

आता मूळ गोष्ट. चवीने खाणे हा गुन्हा नाही, ती नेमत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडले. पण नेमतीवर इतरांचाही हक्क असतो, आणि पहिला हक्क घरच्यांचा. बाजाराच्या दिवशी मित्रांबरोबर बाकड्यावर बसून रस्सा ओरपणारे अनेक भाऊ आहेत. त्यांच्या घरी त्याच दिवशी डाळ आणि लोणचे असते. बायकोने त्या हॉटेलचा रस्सा फक्त नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला असतो. ती मागत नाही, म्हणून तिला नको आहे असे नाही.

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना प्रेषितांनी सांगितले होते की अल्लाहच्या खुशीसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचेसुद्धा. म्हणजे बाजारातून येताना हातात असलेला रश्शाचा डबा ही नुसती हौस नाही. आणि दर वेळी डबाच का? महिन्यातून एकदा अम्मीला, बायकोला, मुलांना तिथेच घेऊन जावे. बसायला आडोसा नसेल तर मालकाला सांगावे. चार गिऱ्हाइकांनी मागितले की पडदा लावून एक कोपरा होतो. तेवढ्यासाठी मोठे हॉटेल लागत नाही.

दुसरा हक्क शेजाऱ्याचा. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी दिलेली शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे: रस्सा शिजवताना त्यात पाणी जास्त घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. किती साधी गोष्ट! जास्त मासा घ्या असे सांगितले नाही, कारण तो प्रत्येकाला परवडत नाही. पाणी सगळ्यांकडे असते. अर्धा किलो माशाचे तुकडे मोजकेच निघतात, पण रस्सा वाढवता येतो, आणि भाकर कुस्करून खाणाऱ्याला रस्साच हवा असतो.

शेजारी कोण? हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली, तेव्हा त्यांनी आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोचला का, हे पुन्हा विचारले होते. आपल्या गल्लीत मासे खाणारे हिंदू शेजारी असतील तर वाटीभर रस्सा त्यांच्याकडे जरूर जावा. माशात कापण्याच्या पद्धतीची अडचण दोन्ही बाजूंना नसते. शेजारी माळकरी असेल किंवा श्रावण पाळत असेल, तर मात्र रस्सा नेऊन त्याला संकोचात टाकू नये. त्याच्याकडे केळी किंवा शेवया पाठवाव्यात. समोरच्याचे मन ओळखून दिलेली वस्तूच भेट ठरते.

या महिन्यात मासा आणाल तेव्हा वाटण नेहमीचेच ठेवा, चिंच चिमूटभर वाढवा आणि पाणी दोन वाट्या जास्त घाला. एक वाटी झाकून ज्या दारी बरेच दिवस जाणे झाले नाही तिथे द्या. रिकामी वाटी परत येताना सहसा रिकामी येत नाही, आणि आली तरी बोलणे सुरू झालेले असते.