ना-हरकतीच्या आड

डिसेंबर उजाडला की पुण्यात गाण्याचा मोसम सुरू होतो. रमणबागेतून मुकुंदनगरला गेलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाकडे श्रोत्यांची पावले वळतात, आणि उपनगरांतल्या मैदानांवर तरुणांच्या जलशांसाठी लोखंडी मनोरे उभे राहू लागतात. अशाच एका मोसमात शहरातल्या एका बंदिस्त सभागृहात मैफलीला गेलो होतो. तिकिटे संपली होती, तेव्हा आयोजकांनी मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. डाव्या हाताच्या दरवाज्याला साखळी घालून कुलूप लावले होते आणि त्यावरची 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी मात्र लख्ख उजळलेली होती. तिथल्या स्वयंसेवकाला विचारले, तर तो अदबीने म्हणाला, "काका, तिकडून फुकटे घुसतात हो." मी जागेवर येऊन बसलो आणि पुढचे दोन तास गाणे ऐकले. हेही इथे कबूल केले पाहिजे.

त्या रात्री काही झाले नाही. झाले असते तर उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. आयोजकाने, सभागृहाच्या मालकाने, खुर्च्या पुरवणाऱ्या मांडववाल्याने, की त्या जागेला अग्निशमन दलाचा आणि पोलिसांचा परवाना देणाऱ्याने? वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी 'हलगर्जीपणा' हा शब्द येतो, व्यवस्थापकाला अटक होते, आणि ज्याच्या सहीने ते दार वर्षानुवर्षे कायदेशीर ठरत आले तो माणूस चौकशी समितीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला दिसतो.

मध्ये मांडलेल्या जादा खुर्च्या आणि बंद झालेले दार ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गुदमरून मेली. तळमजल्यावरचे विद्युत मंडळाचे रोहित्र पेटले आणि धूर वर चढला. बाल्कनीतल्या लोकांना बाहेर पडता आले नाही, कारण उजवीकडची वाट आणि दार जादा आसनांनी अडवले होते. ही आसने चोरून बसवलेली नव्हती. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, सरकारनेच जादा आसनांना मुभा दिली. १९७९ मध्ये ती मागे घेतली गेली, तरी परवाना देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांनी त्यांतली ३७ आसने राहू दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये नुकसानभरपाईची वाटणी करताना याची दखल घेतली होती. ५५ टक्के भार परवानाधारकावर आणि विद्युत मंडळ, महापालिका व परवाना अधिकारी यांच्यावर प्रत्येकी १५ टक्के, अशी ती वाटणी होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलली. परवानाधारक ८५, विद्युत मंडळ १५. महापालिका आणि परवाना अधिकारी सुटले. वैधानिक कर्तव्य नीट पार पाडले नाही एवढ्यावरून, दुष्ट हेतू किंवा अधिकाराचा जाणूनबुजून केलेला गैरवापर नसताना, त्यांच्याकडून भरपाई घेता येत नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

याच निकालाने मृतांच्या वारसांची रक्कम १८ लाखांवरून १० लाखांवर आणि वीस वर्षांखालील मृतांसाठी १५ लाखांवरून साडेसात लाखांवर आणली. उच्च न्यायालयाने बाल्कनीच्या तिकिटावरून प्रेक्षकाच्या मासिक उत्पन्नाचा अंदाज बांधला होता, तो वरच्या न्यायालयाला पटला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल. परंतु माणसाच्या जिवाचे मोल त्याने कुठल्या रांगेतले तिकीट काढले यावरून मोजण्याची आणि मग तेही जास्त झाले म्हणून कापण्याची ही चर्चा वाचताना कसनुसे होते. असो.

मुद्दा परवाना अधिकाऱ्याच्या सुटकेचा आहे. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने सारी जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. त्याने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'नमुना ब' हे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे. कागदावर हे चोख दिसते. पण बालगंधर्व रंगमंदिराचा मालक कोण? कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाचा आणि स्वारगेटच्या गणेश कला क्रीडा मंचाचा मालक कोण? पुणे महापालिका. आणि शहराचे अग्निशमन दल कोणाचे? त्याच महापालिकेचे. नोटीस पाठवणारा आणि ती स्वीकारणारा एकाच आयुक्ताच्या हाताखाली असतील, तर त्या नोटिशीचे वजन किती, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. हा कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर आक्षेप नाही. रचनाच अशी आहे की सचोटीच्या माणसालाही आपल्याच साहेबाला कुलूप ठोकावे लागेल.

मुळात 'ना-हरकत' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. गाण्यातली हरकत ही गायकाने स्वतःच्या जोखमीवर घेतलेली जागा असते. सरकारी हरकत न घेण्यात जोखीम कसलीच नाही. प्रमाणपत्र देणारा 'ही जागा मी पाहिली, ती सुरक्षित आहे' असे म्हणतच नाही. 'माझे काही म्हणणे नाही', एवढेच तो लिहून देतो. पोलीस अग्निशमनाच्या ना-हरकतीवर विसंबतात, महापालिका बांधकाम अभियंत्याच्या दाखल्यावर आणि आयोजक या सर्वांवर. दुर्घटनेनंतर जो तो दुसऱ्याचा कागद पुढे करतो. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्याच्या शाहीर अमर शेख चौकात जाहिरात फलकाचा सांगाडा कोसळून चौघे मेले, तेव्हा रेल्वे आणि महापालिका यांच्यात हाच खेळ रंगला होता.

गोव्यातले उदाहरण तर ताजे आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइटक्लबात नाचगाणे चालू असताना आग लागली आणि २५ माणसे मेली. आत उडवलेल्या आतषबाजीचे कारण पुढे आले. मालक काही तासांत थायलंडला पळाले, पुढे त्यांना परत आणले गेले. सगळ्या बातम्यांनी त्या पाठलागाचे रसभरित वर्णन केले. त्यामानाने दुसऱ्या गोष्टीची चर्चा थोडी झाली. ग्रामपंचायतीने ते बांधकाम पाडण्याचा आदेश काढला होता आणि पंचायत संचालनालयाने त्याला स्थगिती दिली होती. फौजदारी खटल्याचा निकाल लागायचा तो लागेल. पण पाडायच्या इमारतीत दर रात्री वाद्ये वाजत राहिली, ती मालकाच्या हिमतीवर आणि स्थगितीच्या कागदावर.

मेलेल्यांत बहुसंख्य तिकीट काढून आलेले रसिक नव्हते. ते तिथे राबणारे स्वयंपाकी, वाढपी, पहारेकरी होते. ग्राहक संरक्षण कायदा पैसे मोजणाऱ्याला ओळखतो. राबणाऱ्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे, पण त्यात रक्कम पगारावर ठरते. आणि जो फुकट पासावर येतो त्याचे काय? नगरसेवकाच्या वाढदिवसाला चौकात होणाऱ्या ऑर्केस्ट्राला जमलेला माणूस ग्राहकही नाही आणि कामगारही नाही. इंग्लंडमध्ये १९५७ पासून जागेच्या ताबेदाराची आगंतुकांप्रती असलेली जबाबदारी सांगणारा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे दिवाणी दावा लावायचा आणि वाट पाहायची.

खुद्द शासनच आयोजक असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर छत होते, लाखो श्रोते उन्हात. उष्माघाताने १४ जण दगावले. सोहळा शासनाचा आणि चौकशीसाठी नेमलेली एकसदस्य समितीही शासनाच्याच अपर मुख्य सचिवांची. वारसांना पाच लाख रुपये मिळाले, ते मदत म्हणून. मदत आणि भरपाई यांतला फरक हाच की मदत देणाऱ्याला चूक कबूल करावी लागत नाही.

हे असेच चालायचे असे म्हणणाऱ्यांसाठी दोन निकाल. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहक मेळ्याच्या तंबूंना आग लागून ६५ जण मेले. आयोजकांनी तंबू उभारणाऱ्या कंत्राटदाराकडे बोट दाखवले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि आयोजक ६०, राज्य ४० टक्के ही वाटणी कायम केली. म्हणजे उपहारच्या निकालात बंद झालेले दार याच न्यायालयाने किलकिले केले आहे. मात्र त्याला सोळा वर्षे लागली. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. फेब्रुवारी २००३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' या क्लबात वादकांच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि शंभर माणसे मेली. तडजोडीत सुमारे १७.६ कोटी डॉलर जमा झाले. फोम बनवणाऱ्या कंपन्यांनी पैसे दिलेच, पण ज्या गावाच्या तपासनिसाला तो फोम दिसला नव्हता त्या गावाने आणि राज्यानेही प्रत्येकी एक कोटी डॉलर दिले.

यावर एक आक्षेप मी आधीच ऐकलेला आहे, आणि तो माझ्या जवळच्या माणसांचा आहे. वर्गणीवर चालणारी संगीत मंडळे, पदरमोड करून मैफली करणारे कार्यकर्ते यांच्यावर असा बोजा टाकला तर गावोगावचे गाणे बंद पडेल, असे ते म्हणतात. भीती खोटी नाही. पण रस्त्यावर दुचाकी आणायची तर तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि दहा हजार माणसे मैदानात जमवायची तर तशी सक्ती नाही. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याला घातक रसायनांपलीकडचा धोका ठाऊक नाही. मुंबईतले एक श्रीमंत गणेश मंडळ स्वेच्छेने चारशे कोटींवर विमा उतरवते. छोट्या मंडळाला सभागृहाच्या भाड्यातच थोडा हप्ता भरायला लावला तर ते बुडणार नाही. उलट विमा कंपनीचा माणूस कार्यक्रमाआधी येऊन दाराचे कुलूप पाहून जाईल, कारण त्याच्या पैशाचा प्रश्न असेल. आजच्या घडीला ते कुलूप पाहण्यात कोणाचाच पैसा गुंतलेला नाही.

महापालिकेच्या सभागृहांची तपासणी महापालिकेबाहेरच्या यंत्रणेकडे द्यावी, आणि परवान्यावर सही करणाऱ्या कार्यालयाचा भरपाईतला वाटा कायद्यानेच ठरवून टाकावा, न्यायालयाच्या कृपेवर सोडू नये, एवढी माझी मागणी आहे. 'आयोजक जबाबदार राहणार नाहीत' हे तिकिटामागचे वाक्य तर छापायलाच बंदी हवी.

मध्यंतरी त्याच सभागृहात पुन्हा जाणे झाले. व्यवस्थापकांना 'नमुना ब' दाखवता का, असे विचारले. ते बिचारे गोंधळले, मग म्हणाले की तो मुख्य कार्यालयात असतो, अर्ज करा. अर्ज दिला आहे. साखळी तिथेच आहे, कुलूप मात्र नवीन आणले आहे.