तर्क आणि ताळा

निरभ्र रात्रीं आकाशाकडे पाहून हे असंख्य गोल कसे उत्पन्न झाले व कोणत्या शक्तीनें आपापल्या मार्गांत राहिले, असा प्रश्न ज्याच्या मनांत कधींच आला नाहीं असा मनुष्य विरळा. कित्येकांस त्याचें उत्तरही सुचतें. कोणी म्हणतो, गुरुत्वाकर्षण ही ओढ नसून बाहेरून येणारा दाब होय. कोणी म्हणतो, ग्रह म्हणजे सूर्यापासून उडालेल्या ठिणग्या होत. अशा घरगुती सिद्धांतांस पंडित हंसतात आणि भोळे लोक माना डोलवितात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच अहितकारक आहेत.

तर्क करण्याचा मक्ता कोणासही दिलेला नाहीं. विरळ द्रव्याचा मेघ आकुंचन पावून त्यांतून सूर्य व ग्रह बनले, ही कल्पना कांट यानें १७५५ सालीं निनांवी ग्रंथांत मांडली, तेव्हां तो प्राध्यापकही झालेला नव्हता. परंतु यावरून ज्यास पदवी नाहीं त्याचाच सिद्धांत खरा, असा उलटा निष्कर्ष काढणें हास्यास्पद होय. प्रश्न पदवीचा नसून ताळ्याचा आहे. गणित सोडविल्यावर ताळा पाहावा, हें आपण प्राथमिक शाळेंत शिकतों. विश्वाच्या गणितास तो नियम कां नसावा?

जिनीव्हा येथील गणिताचे शिक्षक ले साज (१७२४–१८०३) यांचें उदाहरण मननीय आहे. न्यूटननें आकर्षणाचा नियम दिला, परंतु त्याचें कारण सांगितलें नाहीं. तें शोधण्यांत ले साज यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. त्यांची कल्पना अशी : अतिसूक्ष्म कण अवकाशांत सर्व दिशांनीं प्रचंड वेगानें धांवत असतात. एकटी वस्तु चोहोंकडून सारखाच मार खाते, म्हणून ढकलली जात नाहीं. दोन वस्तु समोरासमोर असल्या म्हणजे एकीचा दुसरीस आडोसा होतो. आंतल्या बाजूचा मार कमी पडतो व बाहेरचा मार त्यांस एकमेकींकडे लोटतो. हा आडोसा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटत जातो. म्हणजे न्यूटनचा नियमही आपोआप निघतो! अशा युक्तीची विद्वानांसही भुरळ पडावी यांत नवल नाहीं.

आतां ताळा पाहूं. पावसांतून धांवणाऱ्याच्या छातीवर पाठीपेक्षां अधिक थेंब बसतात. तद्वत् सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या पृथ्वीच्या पुढील अंगावर अधिक कण आपटून तिची गति मंदावली पाहिजे. शिवाय इतका मार शोषून घेणारी वस्तु तापलीच पाहिजे. मॅक्सवेल यानें १८७५ सालीं दाखवून दिलें कीं, तसें असतें तर सर्व पदार्थ अल्पावधींत तापून शुभ्र तेजानें जळूं लागले असते. पृथ्वी थांबली नाहीं व आपण जळलों नाहीं. म्हणून सिद्धांत पडला. तरीही ले साज यांच्याविषयीं आम्हांस आदर वाटतो. कारण त्यांचा सिद्धांत खोटा ठरण्याइतका स्पष्ट होता. पुष्कळांचे सिद्धांत तितकेही स्पष्ट नसतात.

आपल्याकडील उदाहरण हवें असल्यास ज्योतिर्गणिती वेंकटेश बापूजी केतकर यांचें घ्यावें. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असल्यास तो सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारें ३९ पट अंतरावर असावा, असें त्यांनीं १९११ सालीं फ्रान्समधील ज्योतिषविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. १९३० सालीं प्लूटो सांपडला, त्याचें सरासरी अंतर सुमारें ३९॥ पट आहे. या मेळांत योगायोगाचा भाग किती, याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु आंकडा आधीं छापून देण्याचें धैर्य हें निःसंशय शास्त्राचें लक्षण आहे.

ताळ्यापुढें मोठ्यांचीही गय होत नाहीं. एक तारा सूर्याजवळून गेला व त्यानें ओढून काढलेल्या वायूचे ग्रह झाले, असें जीन्ससारखा गणितज्ञ प्रतिपादीत असे. तसा तप्त वायु गोठण्यापूर्वींच विखरून जाईल, असें १९३९ सालीं स्पिट्झर यानें दाखविलें आणि तो वाद मागें पडला. पुढें कांटचा जुना मेघ सुधारलेल्या रूपांत परत आला. २०१४ सालीं चिली देशांतील आल्मा दुर्बिणीस एका तरुण ताऱ्याभोंवतींच्या तबकडींत स्पष्ट कडीं दिसलीं. ग्रह घडत असल्याच्या त्या खुणा असाव्यात, असें शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, सिद्धांत खुशाल रचा. परंतु वहीच्या दुसऱ्या पानावर, काय दिसल्यास हा खोटा ठरेल, तेंही लिहा. गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत कोणी आणिला तर त्यास नम्रपणें विचारा : बुधाच्या कक्षेचा सूर्यसमीप बिंदु न्यूटनच्या गणिताहून शतकास ४३ विकला अधिक सरकतो, तेवढा आंकडा आपल्या रीतीनें निघतो काय? आइन्स्टाइननें १९१५ सालीं तो काढून दाखविला. शिक्षकबंधूंसही आमची विनंति आहे कीं, मुलाच्या विचित्र कल्पनेस हंसूं नये व तिची वाहवाही करूं नये. हंसण्यानें जिज्ञासा मरते, वाहवेनें ती आळशी होते. त्याच्या हातीं पेन्सिल द्यावी आणि ताळा पाहावयास सांगावें. ताळा चुकला तर एक कल्पना जाईल, पण एक अभ्यासक मिळेल. हा व्यवहार तोट्याचा खास नव्हे.