बॅटरी बदलून बघू!

गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो, सांगोल्याजवळ. मामांची शेती आहे आणि जोडीला एक जुनाट बॅकहो आहे. (आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो ना, तसलं मशीन. कंपनी दुसरी.) शेततळी, पाइपलाइनचे चर, घरांचे पाये अशी कामं त्यावर चालतात. मामांचं घर आणि ऑपरेटरचं घर, दोन्ही बऱ्यापैकी त्याच्यावर.

तर फराळाच्या ताटावरच मामा म्हणाले, "इकून टाकावं म्हणतो. भंगारवाला बघून गेलाय."

कारण काय, तर मशीन चार्जिंग धरत नव्हतं. सकाळी सेल्फ मारला की 'टक्' एवढाच आवाज. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणा, जंपर केबल लावा, तेव्हा कुठे इंजिन सुरू. या मशीनला टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यामुळे धक्का स्टार्टची सोयच नाही. एकदा चालू झालं की बंद करायची भीती. ऑपरेटर जेवायला बसला तरी इंजिन आपलं धडधडतंय आणि डिझेल जळतंय. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या आणि एक रिपेअर केलेला अल्टरनेटर (गावाकडे अजून 'डायनामो'च म्हणतात) एवढं बदलून झालं होतं. वीस-पंचवीस हजार गेले आणि दुखणं जागच्या जागी.

आणि हो, कबुली देऊन टाकतो. पहिल्या वेळी मामांनी मला फोन केला होता. मी इंजिनिअर ना! मीटिंगमधून बाहेर येऊन मी ऐटीत सांगितलं होतं, "मामा, बॅटरी गेली असणार. बदलून बघा."

म्हणजे पहिले दहा हजार माझ्या नावावर :)

त्या अपराधी भावनेनेच पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणला आणि मशीनपाशी जाऊन बसलो. बारा व्होल्टची सिस्टीम. रात्रभर उभ्या मशीनच्या बॅटरीवर 12.1 दिसले. पूर्ण चार्ज असती तर 12.6 च्या पुढे हवे होते. इंजिन सुरू करून, जरा रेस वाढवून, हेडलाइट लावून पुन्हा मोजलं, तर 12.9. खरं तर इथे 13.8 ते 14.4 यायला हवेत. झालं, डायनामो बाद! असं म्हणून आपण इथेच थांबतो. मिस्त्रीही इथेच थांबला होता.

पण मीटरची एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या टर्मिनलला आणि दुसरं त्याच्याच बॉडीला लावलं, तर 14.2! म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. तो 14.2 देतोय आणि बॅटरीला 12.9 पोचतायत. मधले 1.3 व्होल्ट वाटेत गायब.

आता वाटा दोनच. जायची, म्हणजे प्लसची वायर. तिच्या दोन टोकांत मोजलं तर 0.2. ठीक आहे. परतीची, म्हणजे अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. तिथे 1.1! चोर सापडला. वर्षा-दीड वर्षापूर्वी इंजिनचं काम काढलं तेव्हा सगळं रंगवून चकाचक केलं होतं. अल्टरनेटरचं ब्रॅकेटसुद्धा. बोल्ट रंगावरच आवळलेले, खाली गंजही धरलेला. अर्थिंगच नीट नव्हतं. नवा अल्टरनेटर बसवला तोही त्याच रंगावर, मग फरक कसा पडणार? सेल्फची अर्थिंग वेगळ्या वाटेने, म्हणून तिकडे कुणाला संशयही आला नाही.

सगळ्यात गंमत म्हणजे रेग्युलेटर. तो अल्टरनेटरच्या पोटातच असतो आणि व्होल्टेज मोजतो तेही स्वतःच्याच दारात. तिथे 14.2 दिसतायत, म्हणजे त्याच्या लेखी सगळं आलबेल. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही इमानदारीत विझायचा. आपल्या सर्व्हरचा हेल्थ चेक हिरवा आणि कस्टमर मात्र बोंबलतोय, तसाच प्रकार. बिचारी बॅटरी रोज अर्धपोटी. लेड ॲसिड बॅटरी अशी महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती खरोखरच मरते. मग आपण म्हणतो, "बघ, बॅटरीच खराब होती!"

पॉलिश पेपरने ब्रॅकेट घासलं आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत दीड फूट जाड वायर लग लावून टाकली. बॅटरीवर 14.0. खर्च दोनशेच्या आत.

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्री बिनडोक होता. मला तसं वाटत नाही. त्याने डायनामो बदलल्यावर 'टेस्ट' केली होती. चालू इंजिनवर बॅटरीची क्लॅम्प काढली, इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे चार्जिंग ओके. हे तो त्याच्या उस्तादाकडून शिकला. जुन्या डायनामोच्या पेट्रोल गाड्यांत त्याला काहीतरी अर्थ होता, कारण ठिणगीला वीज लागायची. पण मेकॅनिकल पंपाचं हे डिझेल इंजिन एकदा पेटलं की विजेवाचूनही चालतं. त्यामुळे टेस्टमधून काहीच कळत नाही. उलट बॅटरी अशी अचानक काढली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. तेव्हा हे कृपया कुणी करू नका, आणि कुणाला करूही देऊ नका.

संध्याकाळी मिस्त्री आला. मी मीटर लावून सगळं दाखवलं (थोडा भाव खात, खोटं कशाला बोलू). त्याने शांतपणे बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे शोधायला किती वेळ लागला?"

"दोन-अडीच तास."

"आन् वायर टाकायचे गिऱ्हाईक मला किती देईल? पन्नास? डायनामो बदलला की मजुरी मिळती, दुकानदाराकडून वर चार पैसे सुटतात."

मी गप्प. मामा दुसरीकडे बघत होते.

माझं मत विचाराल तर खरा फॉल्ट इथे आहे. आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. पार्ट हातात दिसतो, बिलावर येतो. विचार करण्यात गेलेले दोन तास आपल्याला फुकट वाटतात. मग मिस्त्री पार्टच बदलणार. आमच्या ऑफिसात तरी काय वेगळं आहे? "रूट कॉज नंतर बघू, आधी मेमरी वाढवा" हे वाक्य मी स्वतः कितीदा बोललोय.

तेव्हा पुढच्या वेळी मशीन असो, गाडी असो, मिस्त्रीला आधीच सांगा: "तपासायचे पाचशे वेगळे देतो. मीटर लावून कुठे काय आलं ते कागदावर लिहून दे. पार्टचं नंतर बघू." दहा हजारांच्या बॅटरीपुढे पाचशे म्हणजे काहीच नाही.

असो. मशीन विकलं नाही. ऑपरेटर आता जेवताना इंजिन बंद करतो. मामांनी मिस्त्रीला त्या दिवशी काही दिलं नाही, पण मल्टिमीटर मात्र मी त्याच्याकडेच ठेवून आलो.