‘परात्म’ की ‘बहिष्कृत’? : मराठी पौगंडपटांच्या समीक्षेतील एक सोय

मराठी समीक्षेत काही संज्ञा अशा रुळल्या आहेत की त्यांचा उच्चार झाला म्हणजे विश्लेषण पुरे झाले, असे मानले जाते. ‘परात्मता’ ही त्यांपैकी एक. साठोत्तरी काळात अस्तित्ववादाच्या चर्चेबरोबर ती वाङ्मयविचारात आली, ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या निमित्ताने स्थिरावली, आणि पुढे तुटलेपणाचा कोणताही सूर कानी आला की तिचे नाव घेण्याची सवय समीक्षेला जडली. गेल्या दीड दशकात मराठी चित्रपटाने पौगंडवयातील मुलांच्या काही काळोख्या कथा सांगितल्या. त्यांच्याही माथी हीच संज्ञा मारली जाते. ‘रिबेल विदाउट अ कॉज’मधील (१९५५) जेम्स डीनच्या नायकापासून निघालेली एक वंशावळ ‘फँड्री’तील जब्यापर्यंत आणून पोहोचवली जाते आणि जागतिक पौगंडपटांच्या घराण्यात मराठी चित्रपटाला स्थान मिळाल्याचे समाधान मानले जाते. ही वंशावळ खोटी आहे. तिचा खोटेपणा केवळ वर्गीकरणाचा दोष नव्हे; ती अपराधाचे ठिकाण समाजातून उचलून मुलाच्या मनात नेऊन ठेवते.

पाश्चात्त्य पौगंडपटातील दुरावलेला तरुण कोणत्या भूमीवर उभा असतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. जिम स्टार्कला घर आहे, मोटार आहे, शाळा आहे. नाही तो केवळ या सर्वांचा अर्थ. टिम हंटरच्या ‘रिव्हर्स एज’मधील (१९८६) मुले मैत्रिणीच्या प्रेतासमोर बधिर उभी राहतात; लॅरी क्लार्कच्या ‘किड्स’मधील (१९९५) मुले महानगरात दिशाहीन भटकतात. ही मुले जे नाकारतात ते त्यांना आधी देऊ केलेले असते. त्यांच्या तुटलेपणामागे आपलेपणाचा एक गृहीत हक्क आहे. रुसायला आधी घर लागते. त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मधील (१९५९) अंत्वान हा यांतला सर्वांत वंचित. तरीही सुधारगृहातून पळालेला तो मुलगा अखेरीस समुद्रापर्यंत पोहोचतो आणि वळून प्रेक्षकाकडे पाहतो. मागे काय सुटले आणि पुढे वाट नाही, हे त्याला कळते. पण तो धावत असताना त्याला त्याच्या जन्माने हाक मारून परत बोलावलेले नसते.

या अर्थाची परात्मता मराठी चित्रपटात मुळीच नाही, असे नव्हे. उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये ती आहे. नचिकेतला सगळ्यांपासून दूर जावेसे वाटते, आणि त्याच्या मृत्यूनंतर समीर ज्या प्रश्नाच्या मागे लागतो तो अस्तित्वाचाच प्रश्न आहे. तेथे ही संज्ञा सार्थ ठरते, कारण वाडा, नातेवाईक, लग्नघर, शेत हे सारे त्या मुलांचेच आहे आणि ते असूनही पुरत नाही. समीक्षेची चूक संज्ञा वापरण्यात नाही. ‘विहीर’साठी घडलेली मोजपट्टी तशीच उचलून ‘फँड्री’ला लावण्यात आहे.

‘फँड्री’त काय घडते? कैकाडी कुटुंबातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर मनोमन प्रेम करतो, काळ्या चिमणीच्या मागे फिरतो. त्याला गावापासून दूर जायचे नाही. गावात यायचे आहे. त्याला नवी जीन्स हवी आहे, जत्रेतल्या ढोलाभोवती जागा हवी आहे. आणि गावाला त्याच्याकडून डुक्कर धरून हवे आहे. येथे मार्क्सचा आधार घेतला तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १८४४ च्या हस्तलिखितांतील श्रमिक आपल्या श्रमापासून, श्रमाच्या फळापासून, आपल्या माणूसपणापासून आणि इतर माणसांपासून दुरावतो. जब्याची अडचण नेमकी उलटी आहे. त्याचे काम त्याला परके होत नाही, ते त्याला सोडतच नाही. शाळा, कपडे, प्रेम या सर्व वाटांनी तो त्या कामापासून दूर जाऊ पाहतो, आणि प्रत्येक वाटेवर ते काम त्याच्या आधी येऊन उभे असते. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. ज्या भाषेत १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे नाव घेऊन पत्र निघाले आणि ज्या भाषेत लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाला ‘उपरा’ (१९८०) हे नाव मिळाले, त्या भाषेच्या समीक्षेला या अवस्थेसाठी उसनी संज्ञा लागावी, यात दारिद्र्य भाषेचे नाही. ‘परात्म’ म्हटले की कर्ता दिसेनासा होतो. ‘बहिष्कृत’ म्हटले की बहिष्कार कोणी घातला, हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाची भूमी पाहायची असेल तर पाथर्डी तालुक्याकडे पाहावे. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या या अवर्षणप्रवण टोकाला मढी हे गाव आहे. कानिफनाथांच्या तिथल्या यात्रेला भटक्या-विमुक्तांचे समूह पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. रंगपंचमीच्या सुमारास भरणारा तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. १८७१ च्या कायद्याने यांतील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायद्याच्या पुस्तकातून पुसला जायला १९५२ साल उजाडले. जब्याचे कुळ हे येथले आहे. अमेरिकी उपनगरात त्याचा शोध घेण्याचे कारण नाही. याच तालुक्यातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी लवकर झाली तर उचल लवकर मिळते. ज्या व्यवस्थेत वयात येणे म्हणजे कोयत्यात धरले जाणे, तिथे बालपण आणि कष्ट यांच्यामधला तो रिकामा, स्वप्नाळू, बंडखोर काळ कोठून यायचा? पौगंडावस्था ही केवळ शरीराची अवस्था नव्हे, ती समाजाने दिलेली मुभा आहे. पौगंडपट हा प्रकार ही मुभा गृहीत धरतो. ‘फँड्री’ ती नाकारली जात असल्याचे दाखवतो. म्हणून तो या प्रकारातला आणखी एक चित्रपट नसून त्या प्रकाराच्या गृहीतकावरचे भाष्य आहे.

यावर असा आक्षेप येईल की महानगरातील मुलांचे काय? महेश मांजरेकर यांचा २०२२ मधील ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा जयंत पवार यांच्या कथेवर आधारित चित्रपट गिरणगावातील पोरसवदा मुलांची हिंसा दाखवतो. ती तरी परात्म नव्हेत काय? येथे संज्ञा अधिक जवळची वाटते खरी. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या, आणि वडिलांच्या श्रमाला असलेली प्रतिष्ठाही गेली. ही मुले जगापासून आपण होऊन दुरावलेली नाहीत. जग त्यांच्या पायांखालून काढून घेतले गेले. त्या चित्रपटावरील वाद मात्र दृश्ये अश्लील आहेत की नाहीत, याभोवतीच फिरला. मुलांची विकृती हा चर्चेचा विषय झाला, गिरणीची जमीन झाली नाही. संज्ञा बदलली की आरोपी कसा बदलतो, याचे हे दुसरे उदाहरण.

आता या चित्रपटांच्या ‘चिरस्थायी परिणामा’विषयी. ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर येतो. हा दगड आपल्यालाच लागला, असे सांगण्याची एक रीत समीक्षेत पडून गेली आहे. ही कबुली नम्र दिसते, पण तिच्यात स्वतःच्या संवेदनशीलतेचे प्रशस्तिपत्र दडलेले असते. दगड लागला, रक्त आले नाही, लेख झाला. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. २८ एप्रिल २०१४ रोजी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची, सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून, हत्या झाली. मधे अडीच महिनेही गेले नव्हते. चित्रपटाने हत्या थांबवावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कलेवर तो भार टाकणे अन्यायाचे होईल. पण पुढे जे झाले ते समीक्षेने वाचायला हवे होते. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. मुलगा मेला, हे कोणी नाकारले नाही. कोणी मारले, ते पाहिलेला माणूस न्यायालयापुढे उरला नाही.

‘फँड्री’तील डुक्कर धरण्याचा दीर्घ प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, कुटुंब जागीच ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. गाव भोवती जमून पाहते आणि हसते. शालूही पाहते. धरलेले डुक्कर महापुरुषांच्या चित्रांनी रंगवलेल्या शाळेच्या भिंतीवरून वाहून नेले जाते. या प्रसंगाचा खरा विषय पाहणारे लोक आहेत. समाज काय करतो याइतकेच, समाज काय पाहतो आणि पाहूनही काय सांगत नाही, हे चित्रपट नोंदवतो. जब्याचा दगड येतो तो पाहणाऱ्यांच्या दिशेने. त्यांच्यापैकी कोणी साक्ष देईल का, हा त्यामागचा प्रश्न आहे.

‘परात्म युवक’ ही संज्ञा या प्रश्नातून सुटका करून देते. ती मुलाला रुग्ण ठरवते, प्रेक्षकाला सहृदय ठरवते आणि साक्षीदाराचा पिंजरा रिकामा ठेवते. जागतिक पौगंडपटांची परंपरा अभ्यासू नये, असा याचा अर्थ नाही. ती अभ्यासल्यावाचून जब्याचे वेगळेपणही कळणार नाही. पण विद्यापीठीय वर्गात पुढच्या वेळी ‘फँड्री’ शिकवताना ‘या मुलाला काय झाले आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. ‘त्याला कोणी बाहेर ठेवले, आणि ते कोणी कोणी पाहिले?’ असे विचारावे. मराठीत या दुसऱ्या प्रश्नासाठी शब्द फार पूर्वीपासून आहेत. ते वापरायचे नाहीत, हे आजवर समीक्षेने ठरवले आहे.