चुली वेगळ्या, विहीर एक

बॉबलिंगेन हे गाव आपल्या मराठी माणसांना ठाऊक झाले ते नोकरीच्या निमित्ताने. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना १९५९ साली येथे काढला. शेजारी झिंडेलफिंगेनला मर्सिडीजचा अवाढव्य कारखाना आहे आणि जवळचे स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईहून येऊन येथे बिऱ्हाड थाटणाऱ्या इंजिनिअरच्या लेखी या गावाचा इतिहास यंत्रांपासून आणि संगणकांपासून सुरू होतो. परंतु याच गावात १८२३ साली बिअरची एक ब्रुअरी निघाली आणि तिने जवळच्याच शोनबुख रानाचे नाव धारण केले. अमेरिकन कंपनी गावात येण्याच्या एकशे छत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. दक्षिण जर्मनीत अशा गावोगावच्या ब्रुअऱ्या अद्याप शेकड्यांनी आहेत. त्या कशा तगल्या आणि यापुढे तगतील काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

मराठी पानावर बिअरचा अग्रलेख कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि गावातली बाटली आडवी करण्यासाठी रांगा लावून मतदान करणाऱ्या आपल्या भगिनींचा लढा आम्ही मोलाचा मानतो. कोणी प्यावे अथवा पिऊ नये, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. मोठ्या भांडवलापुढे लहान उत्पादकाने आपले नाव, आपली चव आणि आपले गाव राखून कसे जगावे, हा येथे प्रश्न आहे. तो बिअरवाल्याइतकाच आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराचा आणि गूळवाल्याचाही आहे.

प्रथम परिस्थिती पाहू. १९८० साली पश्चिम जर्मनीत माणशी वर्षाला सुमारे १४५ लिटर बिअर खपत असे. आता हा आकडा नव्वद लिटरच्याही खाली आला आहे. २०२४ साली देशातल्या ब्रुअऱ्यांची संख्या दीड हजारांच्या आत आली. २०२२ नंतर वीज, गॅस आणि काच यांचे भाव चढले. बड्या कंपन्यांचे वीस बाटल्यांचे क्रेट मात्र सुपरमार्केटात आठवड्याआड सवलतीत लागतात आणि त्या भावाशी बरोबरी करणे गावच्या ब्रुअरीच्या आवाक्यात नसते. विकून टाकणे हा एक मार्ग असतो. स्टुटगार्टच्या डिंकेलाकर ब्रुअरीसारखी नामांकित संस्थासुद्धा २००४ साली एका बलाढ्य परदेशी कंपनीच्या हाती गेली. ती कुटुंबाने २००७ साली परत मिळवली, हे विशेष. पण असा परतीचा प्रवास फार थोड्यांच्या नशिबी येतो.

दुसरा मार्ग भागीदारीचा. १९६९ साली काही कौटुंबिक ब्रुअऱ्यांनी एकत्र येऊन एक सहकारी व्यवस्था उभी केली. ‘डी फ्रायेन ब्राउअर’, म्हणजे स्वतंत्र ब्रुअर, हे तिचे आजचे नाव असून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि लक्झेंबर्ग येथील चाळीसच्या आसपास ब्रुअऱ्या तिच्यात आहेत. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातही काही लहान कुटुंबांनी ‘ब्राउअर मिट लाइब उंड झेले’ या नावाखाली अशीच हातमिळवणी केली आहे. मनापासून, जीव ओतून बिअर करणारे, असा त्या नावाचा भावार्थ.

भागीदारी म्हणजे नेमके काय? आपल्याकडे भाऊ विभक्त झाले की शेत वाटले जाते, चुली वेगळ्या होतात. पण विहीर सामाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. येथेही नेमके तेच आहे. जव, माल्ट आणि हॉप्स एकत्र खरेदी करावे, म्हणजे भाव बरा मिळतो. प्रत्येकाला अद्ययावत प्रयोगशाळा परवडत नाही, तेव्हा तपासणी सामाईक करावी. एकाकडे बाटल्या भरण्याचे चांगले यंत्र असेल तर शेजाऱ्याने आपली बिअर टँकरने तेथे पाठवून भरून घ्यावी. हल्ली अल्कोहोलविरहित बिअरला मागणी वाढली आहे, पण अल्कोहोल काढून घेण्याची यंत्रणा महाग असते. ते काम लहान ब्रुअरी दुसऱ्याकडून मोबदला देऊन करून घेते. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एकमेकांची बिअर नाव झाकून चाखावी आणि दोष तोंडावर सांगावा. नोकर मालकाला जे सांगू धजत नाही, ते बरोबरीचा भागीदार सांगतो.

या सामाईक विहिरीचे एक उदाहरण तर आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे असते. जर्मनीतली अर्ध्या लिटरची साधी तपकिरी बाटली कोणा एका ब्रुअरीची नसते. तिच्यावर वर्षानुवर्षे आठ सेंट अनामत चालत आली आहे. दुकानात परत केलेली बाटली धुऊन कोणतीही ब्रुअरी पुन्हा भरते आणि फक्त चिठ्ठी बदलते. त्यामुळे लहान ब्रुअरीला आपली रिकामी बाटली शोधत दोनशे मैल गाडी पाठवावी लागत नाही. पण बड्या कंपन्यांनी काचेवरच आपले नाव उठवलेल्या खास बाटल्या काढल्या, आणि त्या निवडून बाजूला काढण्याचा खर्च लहानांच्याही डोक्यावर बसला. सामाईक विहिरीवर एकाने आपली मोटर बसवावी आणि बाकीच्यांनी पाण्याची वाट पाहावी, तसाच हा प्रकार.

ही रीत आजची नव्हे. बव्हेरियाच्या ओबरफाल्झ भागात विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग, एस्लार्न आणि मिटरटाइख या पाच ठिकाणी गावचे सामाईक ब्रूगृह आहे. ब्रूहक्क असलेली कुटुंबे पाळीपाळीने तेथे लाकडाच्या जाळावर माल्टचा रस हॉप्स घालून उकळतात. मग प्रत्येक जण तो रस आपल्या तळघरात नेऊन स्वतःच्या पद्धतीने आंबवतो आणि मुरवतो. रस एकाच कढईतला असला तरी प्रत्येक घरची बिअर निराळी लागते. ‘झोइगल’ नावाची ही परंपरा पंधराव्या शतकापासून चालत आली आहे. ज्याच्या घरी बिअर तयार असेल तो दारावर सहा टोकांची चांदणी टांगतो आणि गाव त्या दाराशी जमते. पुढच्या वेळी चांदणी शेजाऱ्याच्या दारावर. आज तू, उद्या मी, या हिशेबाने तेथे कोणी कोणाला बुडवीत नाही.

यावरून भागीदारीची मर्यादा ध्यानात येते. ग्राहकाला जे दिसत नाही ते सामाईक असावे, आणि जे जिभेला कळते ते ज्याचे त्याचे. ही रेषा ओलांडली की भागीदारीचे रूप बिघडते. एका टोकाला सगळे एकाच टाकीत शिजते आणि दहा गावांच्या दहा चिठ्ठ्या तेवढ्या उरतात. दुसऱ्या टोकाला भाव ठरवण्याचे संगनमत होते. २०१४ साली जर्मनीच्या स्पर्धा-नियंत्रण कार्यालयाने बड्या आणि काही प्रादेशिक ब्रुअऱ्यांना किमतींच्या संगनमताबद्दल एकूण सुमारे तेहेतीस कोटी ऐंशी लाख युरोंचा दंड ठोठावला. त्यातील काही खटले पुढे वर्षानुवर्षे चालले. हातमिळवणी आणि हातचलाखी यांत अंतर आहे, हे येथील सरकार जाणते.

आणि सरकार जे जाणते ते कायद्यातही उतरले आहे. वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपेक्षा कमी बिअर करणाऱ्या स्वतंत्र ब्रुअरीला येथे बिअरवरचा कर कमी दराने पडतो. शिवाय १९९२ च्या युरोपीय निर्देशात एक शहाणे कलम आहे. दोन वा अधिक लहान ब्रुअऱ्या सहकार्य करीत असतील आणि त्यांचे एकत्रित उत्पादन ती मर्यादा ओलांडत नसेल, तर त्यांना मिळून एकच लहान स्वतंत्र ब्रुअरी मानता येईल, असे ते म्हणते. एकत्र आल्याबद्दल सवलत गमवावी लागू नये, हा त्याचा आशय. लहानांना एक व्हा म्हणून सांगणारे पुढारी पुष्कळ असतात. एक झाल्याबद्दल त्यांना दंड होणार नाही अशी तजवीज करणारा कायदा विरळा.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्यात २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डुलाली’ ही ब्रुअरी काढली, आणि तिचे ब्रुअर ओलिव्हर शाउफ जर्मनीहून आले होते. त्यानंतर पुण्या-मुंबईत असे अनेक उद्योग उभे राहिले. त्यांच्यापुढे नाशिकच्या वाइनचा धडा आहे. राज्याने २००१ साली द्राक्षवाइनचे धोरण आणल्यावर बागायतदारांनी कर्जे काढून कारखाने घातले. २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइन टाक्यांत पडून राहिली. कित्येक लहान कारखाने बंद झाले, तर कित्येक जण आपले नाव सोडून मोठ्या कंपनीसाठी वाइन करून देऊ लागले. द्राक्ष चांगले होते, कष्ट प्रामाणिक होते. पण विकण्याची, साठवण्याची, तपासण्याची विहीर सामाईक नव्हती.

सहकार तर आपल्या मातीतला आहे, असे कोणी म्हणेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभ्या केलेल्या साखर कारखान्याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु साखरेला शेताची चव नसते. शंभर शेतकऱ्यांचा ऊस एकाच गव्हाणीत टाकला तरी बिघडत नाही. जेथे प्रत्येकाची चव हीच त्याची पुंजी आहे, तेथे दुसरा नमुना हवा, आणि तोही आपल्यापाशी आहे. १९९१ साली द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी केली. युरोपात सुरुवातीला माल नाकारला गेला, पण त्यातून ती शिकली. संस्था आपापल्या राहिल्या. प्रतवारीचे ज्ञान आणि परदेशी बाजारपेठ तेवढी सामाईक झाली. आपले द्राक्ष युरोपच्या दुकानांत पोचले ते या मार्गाने.

तेव्हा महाराष्ट्र सरकारला आमचे एवढेच सांगणे आहे, की उत्पादन शुल्काचे नियम आखताना १९९२ चे ते युरोपीय कलम डोळ्यांपुढे ठेवावे. बाटल्या भरणे, तपासणी आणि साठवण लहान उत्पादकांना एकत्र करता यावी, आणि त्यासाठी परवान्याची कटकट दुप्पट होऊ नये. करवसुलीत चोख राहूनही हे साधता येते, हे येथे रोज दिसते आहे.

आणि वाचकहो, आपल्याही हाती थोडे आहे. जे घेतात त्यांनी चिठ्ठीवर गावाचे नाव वाचावे आणि ही बिअर खरोखर तेथेच होते काय, हे विचारावे. जे घेत नाहीत त्यांनीही रिकाम्या बाटल्या तळघरात साठवून ठेवू नयेत. एखादी लहान ब्रुअरी त्यांची वाट पाहत असते. तसेच गणेशोत्सव जवळ आला की आसपासच्या गावांतली आपली छोटी मंडळे वेगवेगळी पातेली, वेगवेगळे ध्वनिक्षेपक आणि वेगवेगळी सभागृहे शोधत धावत असतात. प्रत्येक गावाचा गणपती त्या गावाचाच असू द्या, मोदकाची चवही ज्याची त्याची असू द्या. पातेली आणि ध्वनिक्षेपक तेवढे सामाईक करा, आणि पाळ्या आधीच लिहून ठेवा. विहिरीवरची भांडणे पाण्यावरून जितकी होतात, त्याहून अधिक न लिहिलेल्या पाळ्यांवरून होतात.